दोन नाण्यांचं अंतर

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावात जीपस्टँडच्या मागे माझं दुकान आहे. पाटीवर 'सोमेश्वर साउंड दुरुस्ती' असं लिहिलंय, पण पाटी वाचून कोणी येत नाही. मिक्सर, टेबलफॅन, देवळातला भोंगा, मेंढपाळांच्या बॅटऱ्या, जे बंद पडेल ते माझ्या टेबलावर येतं. दुकानाच्या मागच्या दारातून एक पायरी उतरलं की आमचं स्वयंपाकघर. पुनम, म्हणजे माझी बायको, दुपारी त्या पायरीवर बसून डाळ-तांदूळ निवडते. मी इकडे सोल्डर गन घेऊन बसलेला असतो. आमचा पंचवीस वर्षांचा संसार असा एकमेकांकडे पाठ करून, पण अखंड गप्पा मारत चाललेला आहे.

माझी एक खोड आधीच सांगून टाकतो. रस्त्यावरून कोणी हाक मारली की मी मान वर न करता "ओ" म्हणतो आणि जागचा हलत नाही. हातातलं काम तापलेलं असतं, सोडून उठणार कसं? मग गिऱ्हाईक कंटाळून स्वतःच आत येतं. पुनम म्हणते, "तुमची ओ म्हंजे तलाठ्याची तारीख. सगळ्यांना मिळती, पण जागचं हलत कोणीच न्हाई."

दुसरी गोष्ट, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. यात शहाणपणा मिरवायचा नाही मला. आवाज हा माझा धंदा आहे. गावात 'भुताचे' म्हणून गाजलेले तीन आवाज मी स्वतः जाऊन शोधलेत. एकाच्या मुळाशी सैल पत्रा निघाला, दुसऱ्याच्या मुळाशी घुबड आणि तिसऱ्याच्या मुळाशी सरपंचाचा मेहुणा.

तर यंदाच्या चैत्रात, एका मंगळवारी, शिवहार बेस गिटार घेऊन दुकानात आला.

गावापासून कोसभर अंतरावर माळाच्या कडेला मेंढ्यावाल्यांची वस्ती आहे, तिथला हा पोरगा. वय चोवीस-पंचवीस. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या, पण हा लग्नातल्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. ऐकणाऱ्याचं तिच्याकडे लक्ष नसतं, पण ती बंद पडली की वरातीत नाचणाऱ्यांचे पाय चुकतात. त्याचा बाप ज्ञानबा वर्षापूर्वी वारला, एवढं मला माहीत होतं. पोरगा पार वाळला होता. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"सोमेश्वरमामा, तिसरी तार दबून राहिली," तो म्हणाला. "पिकअप वर घ्या जरा. रविवारी नरसीला लग्न हाय."

मी जोडून चारही तारा वाजवून बघितल्या. तिसरी तार इतरांइतकीच बोलत होती. मी तसं सांगितलं.

"आवाज बराबर हाय व्हो. पण लांबून येऊन राहिलाय. जवळ आणा."

"किती जवळ?"

"तुमाला जमंल तितका."

वाजवणारी माणसं असंच बोलतात. एकाला आवाज 'ओला' हवा असतो, एकाला 'भाजका'. मी मान डोलावली आणि शनिवारी ये म्हणालो.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तारांच्या खाली एक काळी पट्टी असते, तिला पिकअप म्हणतात. आत लोहचुंबक असतं आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार हजारो वेढ्यांनी गुंडाळलेली असते. वरची पोलादी तार थरथरली की खाली किंचित वीज तयार होते आणि तीच पुढे स्पीकरमधून आवाज होऊन बाहेर येते. पट्टीच्या खाली स्पंज असतो. बाजूचे स्क्रू सैल केले की स्पंज तिला वर ढकलतो, आवळले की ती खाली बसते. तारेच्या जवळ आणली तर आवाज मोठा होतो. पण फार जवळ आणली तर चुंबक तारेलाच ओढून धरतं आणि तार आपला सूर सोडते. म्हणून अंतर मोजावं लागतं. मोठ्या शहरात त्याला मापाच्या पट्ट्या मिळतात. मी एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवतो. ती तारेखालून अडखळत सरकली पाहिजेत. माझ्या गुरूनं नांदेडला असंच शिकवलं होतं आणि आजवर एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आलेली नाही.

त्या संध्याकाळी मी पिकअप दोन नाण्यांवर बसवला आणि बेस भिंतीला टेकवून ठेवला.

बुधवारी दुपारी शेवटचा हात फिरवावा म्हणून घेतला, तर नाणी आत जाईनात. एकसुद्धा जाईना. पिकअप तारेला जवळजवळ टेकला होता.

स्पंज फुगला असेल, मी म्हटलं. उन्हाळ्यात बाहेर बेचाळीस अंश आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. मी स्क्रू आवळले, नाणी सरकवली आणि स्पीकर चालू केला. तारांवर मऊ फडकं टाकलेलं होतं, म्हणजे त्या वाजणार नव्हत्या. मी चहाचा कप उचलला आणि तेवढ्यात स्पीकरमधून काहीतरी आलं.

खालच्या पट्टीतला, लांब ताणलेला आवाज. आधी चढला, मग उतरला. मध्ये एका श्वासाएवढी जागा गेली. पुन्हा तसाच, चढला आणि उतरला. असं तीनदा झालं. मग नेहमीची बारीक घरघर तेवढी राहिली.

घड्याळात बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. ही वेळ मी वहीत लिहून ठेवली, कारण दोष नेमका कधी येतो हे लिहिलं की निम्मी दुरुस्ती होते.

"कोण हाय व्हो बाहेर?" मागून पुनमनं विचारलं.

"कोणी न्हाई. पिकअप बोलून राहिलाय."

"काय म्हणतोय?"

"चहा गार झाला म्हणतोय," मी म्हणालो आणि ती हसली.

खरं सांगायचं तर तेव्हा मला मजाच वाटत होती. असा दोष रोज हाती लागत नाही. जुन्या पिकअपच्या वेढ्यांवरचं मेण सुटलं की तो माईकसारखा वागतो, बोललेलं पकडतो. कधी आकाशवाणी पकडतो, कधी मोबाईलची घुरघुर. मी कागदावर ही तीन कारणं लिहिली आणि गुरुवारी सकाळपासून एकेक तपासायला बसलो. पिकअपवर नखानं टकटक केली. काही नाही. अगदी तोंड लावून स्वतःचं नाव घेतलं. काही नाही. मेण शाबूत होतं. दुकानातले, घरातले सगळे मोबाईल बंद केले. टेबल फिरवून दिशा बदलली. कागदावरच्या तिन्ही कारणांवर काट मारून झाली तेव्हा बारा वाजले होते आणि माझी मजा जराशी कमी झाली होती.

सव्वाबाराला बाहेर घुंगरं वाजली. मेंढ्यांचा कळप पाण्यावर निघाला होता. रोजचाच रस्ता त्यांचा, बाजाराच्या कडेनं ओढ्याकडे. मागे हातात काठी घेतलेली नीलाबाई. शिवहारची आई. साठीला आलेली, उन्हानं रापलेली, कमी बोलणारी बाई.

बारा-वीसला स्पीकरमधून तो आवाज आला.

कळप थांबला. एक मेंढी पुढे, एक मागे असं नाही, सगळा कळप एकदम थांबला. मग सगळी तोंडं माझ्या दुकानाकडे वळली. पुढची मेंढरं पायऱ्या चढून आत आली आणि टेबलासमोर उभी राहिली. मेंढरं आली की खाण्याजोगं काहीतरी हुंगतात, ढकलाढकली करतात, ओरडतात. ही नुसती उभी होती. कान पुढे करून स्पीकरकडे बघत होती.

दुसरी हाक आली. मी 'हाक' म्हणतोय, कारण मेंढरांनी तिला हाक ठरवल्यावर मलाही तिच्यात दुसरं काही ऐकू येईना.

नीलाबाई दारात येऊन उभी राहिली. तिनं काठी दाराला टेकवली आणि पदर तोंडाला लावला. तिसरी हाक संपेपर्यंत ती हलली नाही.

"त्याच्या बापाची हाक हाय," ती म्हणाली. "मेंढरं दुसऱ्या कोणाच्या हाकेला वळत न्हाईत, भाऊ. प्रत्येकाची आपली हाक असती."

"मावशी, हा मशीनचा दोष हाय. काहीतरी वारा-बिरा..."

"बाजा इथं येऊन राहिला व्हय. मी घरभर धुंडून राहिले." ती पायरीवरच बसली. मी पाणी दिलं, ते तिनं बाजूला ठेवलं.

मग तिनं सांगितलं ते असं. गेल्या वर्षी याच दिवसांत ज्ञानबा मेंढरं घेऊन माळावर होता. मुरमाच्या जुन्या खदानीत पाय घसरला आणि कंबर गेली. वस्ती हाकेच्या अंतरावर होती. घरात शिवहार एकटाच होता, हाच बेस जोडून बसलेला.

"हाक ऐकली त्यानं. तीनदा ऐकली. 'शिवाऽ' म्हणून. पोरगं म्हणलं, एवढं वाजवून झालं की जातो. मंग हाकच आली न्हाई, तवा त्याला वाटलं काम नसंल. दहाव्याच्या दिवशी सांगितलं मला रडून रडून."

"अन् ज्ञानबा?"

"दुसऱ्या दिवशी सापडले. उताणे पडलेले. पाठ सगळी कुसळांनी भरलेली, केसांतबी. आंघोळ घालायच्या आधी मी निवडली एकेक."

उन्हाळ्यात माळावरचं गवत वाळलं की त्याची सुईसारखी कुसळं कपड्यात घुसतात. काढताना बोटांना टोचतात. तिनं बोलता बोलता बोटं एकमेकांवर चोळली.

"आता ह्यो रोज दुपारी दार लावून बाजा घेऊन बसतो. म्हणतो, आबा हाक मारतेत. पण लांबून मारतेत, नीट ऐकू येत न्हाई. नीट आली की ओ देतो म्हणतो."

मला मंगळवारचं त्याचं बोलणं आठवलं. आवाज लांबून येऊन राहिलाय, जवळ आणा. त्याला तार दुरुस्त करून नको होती.

"द्यू द्या की ओ," मी म्हणालो. "पोराच्या मनावरचं ओझं उतरंल."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला माझं बोलणं परत घ्यावंसं वाटलं.

"भाऊ, आमच्यात माळावरची हाक वाया जाऊ देत न्हाईत. ऐकली तर ओ द्यायची. अन् ओ दिली की निघायचं. मंग वाट कशीबी असो. ओ देऊन न येणाऱ्याला आमच्यात माणसात धरत न्हाईत."

"अन् बोलावणारा मेलेला असंल तर?"

"तरीबी निघायचं." ती उठली. "एकच लेकरू हाय मला. तुमी त्यो आवाज बंद करा. खाली दाबा, तोडा, जाळा. पण त्याच्या कानावर नीट पडू देऊ नका."

तिची समजूत पटवावी म्हणून, आणि खोटं कशाला बोलू, माझीही पटवावी म्हणून, मी तिच्यादेखत चारही तारा काढल्या. तारच नाही तर थरथरणार काय? थरथर नाही तर वीज कुठून येणार? पिकअपच्या दोन वायरी काढून मी काट्याच्या जुन्या मीटरला जोडल्या. हा काटा माझ्याशी कधी खोटं बोललेला नाही. तो शून्यावर होता.

"बघा," मी म्हणालो.

बारा-वीस केव्हाच टळून गेले होते, तरी काटा उचलला गेला. सावकाश वर चढला, उतरला. श्वासभर थांबला. पुन्हा चढला. दुकानात कसलाच आवाज नव्हता. तरी काटा वर जाताना प्रत्येक वेळी मेंढरांचे कान हलत होते.

त्या संध्याकाळी मी तारा परत चढवल्या, कारण माल गिऱ्हाइकाचा होता. पण पिकअप पार तळाला बसवला, चार-पाच नाणी जातील इतका खाली. स्क्रू फिरू नयेत म्हणून त्यांच्यावर पुनमच्या लाल नेलपॉलिशचा थेंब टाकला. ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती आहे. एकदा वाळलं की कोणी हात लावला तर लगेच कळतं. पुनम म्हणाली, "माझ्या नखाला कधी लावून दिलं न्हाई अन् बाजाला लावून राहिले." मला हसू आलं नाही. जेवणही नीट गेलं नाही. पोरगा शनिवारी येईल, काम होत नाही म्हणून सांगू, असं ठरवून मी झोपलो.

पण शिवहार शुक्रवारीच आला. बारा वाजून दहा मिनिटांनी. पुनम चुलीवर डाळ ठेवून शेजारी गेली होती.

आल्या आल्या त्यानं बेस उचलला आणि स्क्रूवरचे लाल थेंब बघितले.

"आई येऊन गेली व्हय?"

"शिवहार, ऐक. ह्याच्यात काही राम राहिला न्हाई. पिकअप गेलाय. मी नवीन मागवतो."

"मामा, तुमी ऐकलं ना?"

त्यानं माझ्या टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर घेतला. मी त्याचं मनगट धरलं. त्यानं ते सोडवून घेतलं, अजिबात राग न करता, लहान मुलाचा हात बाजूला करावा तसं. नेलपॉलिशचा टवका उडाला. तो पाव-पाव फेऱ्यानं स्क्रू सैल करत होता. स्पंज पिकअपला वर ढकलत होता. मग त्यानं माझा स्पीकर जोडला आणि आवाजाची कळ शेवटपर्यंत फिरवली.

"पोरा, तुझ्या आईचा विचार कर."

"त्यांनी तीनदा मारली मामा. मी एकदाबी ओ दिली न्हाई. मला झोप येत न्हाई व्हो. एकदा नीट ऐकू द्या."

बाहेर घुंगरं वाजली. आज ती रोजच्या चालीनं वाजत नव्हती. कळप पळत येत होता आणि त्याच्या मागे, काठी टाकून, नीलाबाई पळत येत होती.

बारा-वीस.

"शिवाऽऽऽ"

या वेळी नुसता सूर नव्हता. शब्द होता. म्हाताऱ्या माणसाचा, कोरड्या घशाचा. बोलणारा टेबलाच्या पलीकडे उभा असावा इतका जवळ.

मी वाकून स्पीकरची पिन उपटली. लाल दिवा विझला.

नीलाबाई आत आली आणि तिनं पाठीमागून लेकाच्या तोंडावर दोन्ही हात दाबले. तो धडपडला. बेस टेबलावर आदळला. मेंढरं आत भरत होती, एकही ओरडत नव्हतं.

"शिवाऽऽऽ"

बंद स्पीकरमधून.

पिन माझ्या हातात होती. मी तिच्याकडे बघितलं. पितळेचे तीन पाय. मी त्या पायांवरून अंगठा फिरवून बघितला.

शिवहारनं आईचे हात ओढून काढले. एक निघाला. दुसरा तिनं परत दाबला. ती त्याच्या कानात काहीतरी पुटपुटत होती, एकच शब्द, पुन्हा पुन्हा. तिची ताकद संपत आली होती. अजून एक हाक बाकी होती आणि त्या पोराचं तोंड मोकळं होणार होतं, हे आम्हा तिघांनाही दिसत होतं.

मी काय केलं ते सांगतो. मला त्या बाईची दया आली. रागही आला, पोराचा, बेसचा आणि माझा स्वतःचा. आणि मनात एक सरळ हिशेब आला. ज्याचा विश्वास आहे त्याला ओ देणं महागात पडेल. ज्याचा विश्वासच नाही त्याचं काय जातंय?

"शिवा..."

"ओऽऽऽ!" मी ओरडलो.

हाक अर्ध्यात थांबली.

दुकान इतकं शांत झालं की मागे चुलीवर डाळ रटरटताना ऐकू येत होती. शिवहार मटकन खाली बसला आणि ओंजळीत तोंड घालून रडायला लागला. मेंढरांची तोंडं इतका वेळ त्याच्याकडे होती. ती हळूहळू फिरली आणि सगळी माझ्याकडे झाली.

नीलाबाईनं हात खाली घेतले. तिचा श्वास लागला होता. ती माझ्याजवळ आली आणि तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला. मी तिच्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान. मागे सरकलो.

"मावशी, हे काय करून राहिल्या?"

"तुमाला लेकरं हायत?"

"न्हाईत."

"बरं," ती म्हणाली.

बेस त्याच दुपारी सुधारला. दोन नाणी अडखळत सरकली आणि तशीच सरकत राहिली. रविवारी नरसीच्या लग्नात शिवहारनं वाजवलं. कोणीतरी मोबाईलवर घेतलेलं चित्रण मी बघितलं. पोरगा चक्क हसत होता. मला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं. झालं ते उन्हाचं, मनाचं आणि कुठल्यातरी न सापडलेल्या वायरीचं काम होतं असं मी ठरवून टाकलं. नीलाबाई आता कळप दुसऱ्या रस्त्यानं पाण्यावर नेते, एवढं माझ्या लक्षात आलं होतं.

सोमवारी मी इस्त्री उघडून बसलो होतो. मागून पुनम म्हणाली, "कोणाला ओ दिली?"

"मी कुठं दिली?"

"आत्ता दिली की. चांगली मोठ्यानं. अन् दारात तर कोणीच न्हाई."

मी घड्याळ बघितलं. बारा-वीस.

मंगळवारी पुन्हा तेच झालं. बुधवारी मी मोबाईलवर आवाज भरायला ठेवला आणि नंतर ऐकला. पंख्याची खरखर, स्टँडवरच्या जीपचा हॉर्न, मग मध्येच माझी स्पष्ट "ओ". त्याआधी कोणी हाक मारलेली नाही. मी चार वेळा ऐकलं. हाकेएवढी शांतता मात्र आहे, पंखासुद्धा तेवढा वेळ ऐकू येत नाही. मी हिंगोलीला जाऊन डॉक्टरला दाखवून आलो. पंचवीस वर्षांची सवय आहे, तोंडातून निघून जात असेल, असं ते म्हणाले. मला पटलं. मला पटवून घ्यायचंच होतं.

शनिवारी कपडे धुताना पुनमनं विचारलं, "माळावर कशाला गेले होते?"

"कोण, मी?"

तिनं माझी पँट पुढे धरली. खालची शिवण कुसळांनी भरली होती. मी आठवडाभर, हिंगोलीचा एक दिवस सोडला तर, दुकानाबाहेर पडलो नव्हतो, आणि जीपस्टँडवर सगळीकडे सिमेंट आहे. आणखी तीन दिवसांनी कुसळं गुडघ्यापर्यंत आली होती.

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती रागावली, की असल्या गोष्टी एकट्यानं पोटात ठेवतात का. मग रडली. रडून झाल्यावर पायरीवरची तिची डाळ-तांदळाची पाटी उचलून माझ्यासमोर आणली आणि म्हणाली, आजपासून मी इथं, तुमच्या तोंडासमोर बसणार. बघू कोण नेतं ते.

आज ती समोर बसली होती. माझा हात तिच्या हातात होता. बारा-वीस झाले, बारा-पंचवीस झाले. मला वाटलं काहीच झालं नाही. मी तिला तसं म्हणालोही. तिचा हात बर्फासारखा गार पडला होता.

"मी उठलो का?" मी विचारलं.

"न्हाई. जागचे हलले न्हाई तुमी."

"ओ दिली?"

"दिली. अन् मंग म्हणले, आलो."

मग ती उठून माझ्या मागे गेली. मी वहीत हे लिहून घेतो आहे, वेळेसकट, आणि ती मागे उभी राहून माझ्या सदऱ्यात अडकलेलं काहीतरी बोटांनी ओढून काढते आहे, एकेक. किती आहेत म्हणून मी विचारलं.

"पाठ सगळी भरलीय," ती म्हणाली. "थांबा, हलू नका. केसांतबी हायत."